पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस काढला तरी परत परत येतोय? आमच्या घरी चार महिने काय चाललं होतं ते सगळं सांगतो

पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांच्या कोपऱ्यात बारका बाण दिसतोय, फोल्डरची साइज १ केबी नाहीतर २ केबी, अँटीव्हायरस मारला की जातंय आणि आठ दिवसांत परत हजर, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी काय कॉम्प्युटरवाला नव्हं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत ड्रॉइंग बघायचं काम करतो, पण घरातल्या या भानगडीत चार महिने घातले आणि शेवटी सुटलं, म्हणून जरा इस्कटून सांगतो.

पहिलं महत्त्वाचं. बाण दिसले की घाबरून फॉरमॅट मारू नका. पेनड्राइव्हवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, वापरलेली जागा पहिल्याएवढीच दाखवतंय ना? मग फाइली जागच्या जागी आहेत, फक्त लपवल्यात. आम्हाला हे माहीत नव्हतं आणि त्यापायी जे गेलं ते व्हायरसनं नाही नेलं, आम्हीच घालवलं. ते पुढं येईलच.

आमचं घर कळंब्याला, कॉम्प्युटर हॉलमध्ये, आणि वापरणारी माणसं चार. वहिनी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतात, दर शनिवारी पोरांची टेस्ट, त्यामुळं शुक्रवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात. आप्पा निवृत्त शिक्षक, त्यांच्याकडं सोसायटीचा हिशेब आणि शिवाय आमच्या भावकीची वंशावळ टाईप करायचं काम, तीन वर्षं एका बोटानं टाईप करत होते. पुतण्या नववीला, त्याला गेम. आणि चौथा मी, बिलं भरायला.

तर पहिल्यांदा बाण दिसले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, फोल्डर उघडतंय की व्यवस्थित, मग बाणाचं काय एवढं?" आणि खरंच उघडत होतं, हीच तर त्या व्हायरसची गंमत आहे. पूर्वी काय व्हायचं, पेनड्राइव्ह लावला की ऑटोरननं व्हायरस आपोआप सुरू व्हायचा. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हचं ते बंद झालं आणि २०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं जुन्या एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेट पाठवून ते बंद करून टाकलं. मग व्हायरसवाल्यांनी दुसरी शक्कल काढली, की आपोआप सुरू होत नाही ना, मग मालकालाच डबलक्लिक करायला लावू. तुमचं खरं फोल्डर लपवायचं, त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवायचा, आणि त्या शॉर्टकटमध्ये दोन कामं लिहायची, एक म्हणजे व्हायरसची स्क्रिप्ट चालू कर आणि दुसरं म्हणजे खरं फोल्डर उघडून दाखव. तुम्हाला तुमचं फोल्डर दिसतं, तुम्ही खूश, तोपर्यंत ते कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं असतं. आणि एकदा शिरलं की त्या कॉम्प्युटरला जो जो पेनड्राइव्ह लागेल त्याच्यावर जाऊन बसतं.

म्हणून फक्त पेनड्राइव्ह साफ करून काहीच होत नाही. आम्ही दोन महिने तेच करत होतो, म्हणजे घरात पाणी येतंय आणि आम्ही नळ चालू ठेवून फरशी पुसतोय असला प्रकार.

मग दादा वैतागला आणि सीपीयू उचलून दुकानात घेऊन गेला. तिथल्या पोरानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "विंडोज मारावी लागंल, डेटा डी ला हाय न्हवं?" दादा म्हणाला हो, सगळा डी ला आहे. झालं. सी ड्राइव्ह फॉरमॅट, नवी विंडोज, पाचशे रुपये, संध्याकाळी कॉम्प्युटर घरी. आप्पा बसले आणि म्हणाले, "माझ्या फाइली कुठं गेल्या रं?"

आप्पांच्या सगळ्या फाइली डेस्कटॉपवर होत्या. आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्येच असतो, युजर्स नावाच्या फोल्डरच्या आत, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स पण तिथंच. समोर दिसतो म्हणून आपल्याला वाटतं तो वेगळा कुठंतरी आहे. कुणी विंडोज मारणार म्हणालं की आधी एवढं विचारा, डेस्कटॉपचं काय करणार? आणि ज्याला हे विचारल्यावर राग येतो त्याच्याकडं देऊ नका.

रिकव्हरीचं पण बघितलं. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवरनं डिलीट झालेलं बऱ्यापैकी परत मिळतं, रिकुव्हा किंवा फोटोरेक असली फुकटची सॉफ्टवेअरं आहेत, फक्त अट एकच, डिलीट झाल्यापासून त्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही आणि ते सॉफ्टवेअर पण दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर टाकायचं. आमच्याकडं मात्र सी ड्राइव्ह एसएसडीवर, मागच्याच दिवाळीला फास्ट व्हावा म्हणून बसवलेली. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते, डिलीट झालेली जागा ती स्वतःच आतून मोकळी करून टाकते, त्यामुळं फॉरमॅटनंतर हाताला काही लागत नाही. हिशेबाच्या प्रिंटा फाइलीला लावलेल्या होत्या म्हणून सोसायटीचं भागलं. वंशावळीतल्या दोन पिढ्यांचे जुने कागद होते, बाकीचं आप्पांनी गावाकडं फोन करून करून परत विचारलं. पुतणीच्या बारशाचे फोटो व्हॉट्सॲपवरनं मावशीकडनं, आत्याकडनं गोळा केले, पण ते तिथं बारीक होऊन आलेले, मोठी प्रिंट काढायच्या लायकीचे नाहीत.

आणि एवढं सगळं करून चौथ्या दिवशी बाण परत. कारण वहिनींनी तोच पेनड्राइव्ह लावला आणि तेच फोल्डर डबलक्लिक केलं. त्यांची काय चूक, कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मी स्वतः डोकं घातलं. आता ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं सांगतो, क्रम बदलू नका, आधी कॉम्प्युटर आणि मग पेनड्राइव्ह.

नेट बंद करा, सगळे पेनड्राइव्ह काढून ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथं डिटेल्समध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट नावाचं काही चालू दिसतंय का बघा. दिसलं तर एंड टास्क करा, पण ती फाइल शोधून डिलीट करायला जाऊ नका, कारण तो विंडोजचाच प्रोग्राम आहे, स्क्रिप्ट चालवायचं त्याचं काम. म्हणजे ड्रायव्हर आपलाच आहे पण पत्ता चोरानं दिलेला. आपल्याला तो पत्ता शोधायचाय. त्याच टास्क मॅनेजरात स्टार्टअप बघा, तिथं अनोळखी नावं, अर्थ नसलेली अक्षरं, शेवटी व्हीबीएस किंवा जेएस असलेलं काही दिसलं तर बंद करा आणि राईट क्लिक करून ती फाइल कुठं आहे ते फोल्डर उघडा. आमच्यात ती ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये रोमिंगच्या आत सापडली, पाचपंचवीस अक्षरांचं काहीतरी नाव. अशा फाइलवर डबलक्लिक करायचं नाही, सरळ शिफ्ट डिलीट.

मला वाटलं संपलं. दहा मिनिटांनी ती फाइल परत तिथंच. हितं मी दोन दिवस अडकलो. मग कळलं की टास्क शेड्युलर म्हणून एक जागा असते, ठराविक वेळेला ठराविक काम करायचं असं विंडोजला सांगून ठेवायची, तिथं एक एन्ट्री बसलेली होती, दर दहा मिनिटांनी चालायची. ती उडवली तेव्हा कुठं फाइल यायची थांबली. ज्यांना एवढ्या जागा हुडकत बसायचं नाही त्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरनं ऑटोरन्स नावाचं फुकटचं टूल घ्या, ते विंडोज सुरू होताना आपोआप काय काय चालतं ते सगळं एका जागी दाखवतं, शेड्युलरसकट. त्याच्या ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्री लपवायची सोय आहे, ती लावा म्हणजे यादी आवाक्यात येते, पण डब्ल्यूस्क्रिप्टच्या जिवावर चालणारी एन्ट्री तुमची तुम्हीच नजरेनं हुडका, कारण वरवर तो मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्राम दिसतो.

यानंतर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी उघडायचं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात स्कॅन ऑप्शन्स, सगळ्यात खाली ऑफलाइन स्कॅन. आधी उघडी कामं सेव्ह करा कारण कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो, आणि विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते, त्यामुळं व्हायरस चालू नसताना त्याला पकडता येतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. साधा क्विक स्कॅन दहादा करण्यापेक्षा हा एकदा करा.

पण आमच्याकडं डिफेंडर इतके दिवस गप्प का बसला होता? हा खरा प्रश्न. त्याच विंडोज सिक्युरिटीत, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये खाली एक्सक्लूजन्स म्हणून आहे, म्हणजे ह्या ह्या फोल्डरांत तपासू नकोस अशी यादी. तिथं बघतोय तर पूर्ण सी ड्राइव्ह! पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय की बाबा घरात बघू नकोस, बाकी सगळीकडं बघ. पुतण्याला बसवून विचारलं तेव्हा कळलं. म्हणाला, "काका, गेमचा क्रॅक टाकताना त्यात लिहिलंच होतं अँटीव्हायरस बंद करा म्हणून, मग मी केला." आणि त्या क्रॅकनं, म्हणजे गेम फुकटात चालवायच्या चोरट्या फाइलनं, जाता जाता ही नोंद पण करून ठेवली. नवी विंडोज मारल्यावर त्यानं दुसऱ्याच दिवशी तो गेम परत टाकलेला, त्यामुळं फॉरमॅटचा पण उपयोग शून्य. कृपा करून ही यादी आज जाऊन बघा, तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ती रिकामी असायला पाहिजे.

पोराला मारून उपयोग नाही. त्याला वेगळं अकाउंट करून दिलं, स्टँडर्ड युजर, ॲडमिन नाही. आता काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की पासवर्ड मागतं आणि तो माझ्याकडं येतो. यानं व्हायरस शंभर टक्के थांबतो असं नव्हं, हे शॉर्टकटवालं तर ॲडमिन नसतानाही त्या युजरपुरतं चालतं, पण पूर्ण मशीनला हात लावता येत नाही आणि डिफेंडरची सेटिंग बदलता येत नाही, एवढं पुष्कळ झालं.

आता पेनड्राइव्ह. कॉम्प्युटर साफ झाल्याची खात्री झाल्यावरच लावा आणि उघडू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडायचं आणि एक ओळ टाईप करायची. मी मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजीत टाईप करा, फोनवर सांगितल्यागत सांगतो: अ‍ॅट्रिब, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, जी, कोलन, बॅकस्लॅश, स्टार, डॉट, स्टार. जी च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर. आधीचे दोन स्लॅश प्रश्नचिन्हाच्या बटणावरचे आणि शेवटचा तो एंटरच्या वरचा उलटा, तिथंच सगळ्यांचं चुकतं. एंटर मारा, थोडं थांबा. एच म्हणजे लपवलेली, एस म्हणजे सिस्टीमची, हे दोन शिक्के व्हायरसनं मारलेले असतात आणि आपण ते पुसतोय, बाकी काही नाही. मग पेनड्राइव्ह उघडला की खरी फोल्डरं पण दिसतील आणि बाणवाली पण. बाणवाली, आणि व्हीबीएसवाली काही फाइल असेल तर ती, डिलीट करा. काही वेळा सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, नावाच्या जागी नुसतं मोकळं दिसतं, ते घाणेरडं समजून उडवू नका, तुमचं सगळं त्यातच आहे.

कमांडची भीती वाटत असेल तर फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये लपलेल्या फाइली दाखवा म्हणून आहे ते चालू करा, आणि त्याच्याच खाली हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स असं आहे ती टिक काढा. बहुतेक जण पहिलं करतात आणि दुसरं करत नाहीत, मग म्हणतात फाइली दिसेनात. तिथंच हाईड एक्स्टेन्शन्सवाली टिक पण काढून टाका (एक्स्टेन्शन म्हणजे फाइलच्या नावाचं टिंबानंतरचं शेपूट), म्हणजे फोल्डरचं चित्र लावून बसलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची, फाइल लगेच ओळखू येते. शॉर्टकटचं एक्स्टेन्शन मात्र ही टिक काढली तरी दिसत नाही, त्याला बाणावरनंच ओळखायचं.

आता येतो कुठनं? मी वहीत लिहायला लागलो, कधी बाण दिसले त्याची तारीख. प्रत्येक वेळी शुक्रवार रात्र नाहीतर शनिवार. झेरॉक्सचं दुकान, दुसरं कोण असणार. दिवसाला शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागतात तिथं, मालकाला तरी काय दोष द्यायचा, मी एकदा सांगून बघितलं तर म्हणाला, "भाऊ, आमचा रोज साफ करतोय, रोज कुणीतरी आणतंय." बरोबर आहे त्याचं. त्याच्या कॉम्प्युटरवर आपली सत्ता नाही, आपल्या पेनड्राइव्हवर आहे.

म्हणून आता पेपर पीडीएफ करून दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवतो, पेनड्राइव्ह जातच नाही. तिथं जाऊन आपलं जीमेल उघडायचं नाही हे वेगळं सांगत नाही. नेट नसेल, फाइल मोठी असेल, तर एक जुना ८ जीबीचा पेनड्राइव्ह फक्त बाहेर जाण्यासाठी ठेवलाय, त्याच्यावर लाल चिकटपट्टी, आणि घरी आल्यावर तो उघडायचा नाही, धिस पीसीमध्ये नुसतं राईट क्लिक करून फॉरमॅट. त्यात दुसरं काही ठेवलेलंच नसतं त्यामुळं इथं फॉरमॅट चालतो. अजून एक युक्ती म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं एसडी कार्ड, त्याच्या कडेला लॉकची बारकी पट्टी असते, ती खाली सरकवली की बहुतेक कार्ड रीडर त्याच्यावर लिहू देत नाहीत, वाचू देतात. दुकानात कार्ड रीडर असला तर हे लई भारी.

व्हायरसचं एवढं झालं. पण आप्पांच्या फाइलींनी मला जे शिकवलं ते व्हायरसपेक्षा मोठं होतं. दादा अजून म्हणतो, "सी ला काही ठेवायचं नाही, सगळं डी ला ठेवायचं, मग काय होत नाही." मी त्याला म्हटलं दादा, बऱ्याच घरांत सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात, पुराचं पाणी आलं की ते खोली बघून येतंय काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये मावशीच्या घरात, शाहूपुरीला, पाणी शिरलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडं लहान पोरांना पण पाठ आहे, त्या वर्षी पंचावन्नच्या पुढं गेलं होतं. मावशीच्या मुलानं बॅकअप घेतलेला होता बरं का, व्यवस्थित वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क ठेवली होती कॉम्प्युटर टेबलाच्याच खालच्या खणात. सीपीयू खाली, डिस्क खणात, दोन्ही चार दिवस पाण्यात. वर नेलं काय तर गॅसची टाकी आणि देव. पाणी उतरल्यावर घाईनं वाळवून चालू करून बघितलं आणि जे काही वाचण्यासारखं होतं ते पण गेलं. भिजलेली डिस्क चालू करायची नाही, भातात पुरायची नाही, ड्रायर मारायचा नाही, तशीच रिकव्हरीवाल्याकडं न्यायची. खर्च मोठा येतो हे खरं आहे.

तर आमची सोय अशी. एक मूळ प्रत कॉम्प्युटरमध्ये. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती बॅकअपपुरतीच जोडायची, झालं की सेफली रिमूव्ह करून माळ्यावर. तिसरी घराबाहेर, फाइली गुगल ड्राइव्हवर, तिथं १५ जीबी फुकट मिळतात, जीमेल आणि फोटो धरून, टाईप केलेल्या फाइलींना हे आयुष्यभर पुरतं, फोटोंना नाही पुरत, म्हणून फोटोंची एक जुनी डिस्क पुण्याला बहिणीकडं. आप्पा दर पौर्णिमेला जोतिबाला जातात, त्याच दिवशी सकाळी निघायच्या आधी बॅकअप असं ठरवलंय, नाहीतर तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि बॅकअप झाल्यावर कुठलीही दोन फाइली उघडून बघायच्या. श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरात, टाईप केलेलं असेल तर फॉन्ट पण सोबत ठेवा, नाहीतर फाइल उघडते आणि सगळं अगम्य दिसतं, वहिनींचे जुने पेपर असेच पडून आहेत.

डिस्क काढून ठेवायचं कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस. क्रॅकमधनं हे बाण आले हे नशीबच म्हणायचं, कारण त्याच वाटेनं स्टॉप डीजेव्हीयू नावाचं प्रकरण येतं. ते फाइलींना कुलूप घालतं, नावापुढं भलतंच एक्स्टेन्शन लावतं, आणि रीडमी नावाची चिठ्ठी ठेवतं की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर निम्मे, ४९०. जोडलेली बाहेरची डिस्क असली तर तिच्यावर पण कुलूप. क्लाउडचं पण असं की कॉम्प्युटरशी सिंक चालू असेल तर कुलूप लागलेल्या फाइलीच वर जाऊन बसतात, म्हणून गुगल ड्राइव्हमधली जुनी व्हर्जन्स लगेच बघायची, कायम ठेवा असं सांगितलं नसेल तर ३० दिवसांनी ती जातात. असं झालं तर नेटची वायर काढा, पैसे देऊ नका, कुलूप लागलेल्या फाइली उडवू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ ला सुरू केलेली आहे, काही प्रकारांच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. या स्टॉपवाल्याचं ज्या मशीनवर नेट नसताना कुलूप लागलं तिथं कधी कधी जमतं, नेट असताना लागलं तर अवघड. आणि पैशाचा व्यवहार झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

अपडेटचं थोडक्यात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला तेव्हा त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवली होती, अडकले ते बहुतेक अपडेट उद्या करू म्हणणारे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ज्यांनी जादा मुदतीची नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ७ वर अजून असाल तर त्या मशीनवर बँकेचं काही करू नका, गाणी ऐका. दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नका, आणि मुदत संपलेला फुकटचा ट्रायल काढून टाका, तो काढला की डिफेंडर आपोआप जागा होतो.

हे सगळं करून दीड महिना शांत. शुक्रवार गेले, शनिवार गेले, बाण नाही. वही कपाटात ठेवून दिली. आणि एका मंगळवारी वहिनी स्वयंपाकघरातनं ओरडल्या, "भावजी, परत आलंय बघा!"

मंगळवारी? पेनड्राइव्ह कुणी लावला नव्हता, लाल पट्टीवाला खणात. पुतण्या शपथा घ्यायला लागला. तासभर हुडकलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मी आपलं सकाळी ते स्पीकरचं कार्ड लावलं होतं, भजनं किती आहेत बघायला." आप्पांकडं एक बारका स्पीकर आहे, मेमरी कार्डवर चालणारा, फिरायला जाताना खिशात असतो. त्याचं कार्ड त्यांनी मोबाइलच्या दुकानात भरून आणलेलं, पन्नास रुपयांत पाचशे भजनं. दोन दिवसांपूर्वी. कार्ड, मोबाइलमधलं कार्ड, कॅमेऱ्याचं कार्ड, गाडीतल्या टेपचा पेनड्राइव्ह, हे सगळे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं पेनड्राइव्हच. मी चार महिने फक्त काळ्या पेनड्राइव्हवर डोळा ठेवून बसलेलो.

यावेळी मात्र डिफेंडर जागा होता, त्यानं स्क्रिप्ट उचलून बाजूला ठेवली होती, कॉम्प्युटरमध्ये काही शिरलं नाही, फक्त कार्डवरचे बाण राहिलेले. वरचीच ओळ टाईप केली, भजनं बाहेर आली, बाण उडवले. त्यानंतर आजपर्यंत आलेलं नाही. कार्ड आता दुकानात जात नाही, मी घरीच भरून देतो, आणि कॉपी करताना एकोणीस भजनं दोनदा पडलीत त्याबद्दल रोज सकाळी बोलणी खातोय.